पावसाचा बंदोबस्त

समुद्रकाठच्या सहलीचे जे चित्र आपल्या मनात पक्के बसलेले असते, त्यात ऊन गृहीत धरलेले असते. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ते गृहीत धरता येत नाही. अटलांटिकवरून येणारे ढग इथल्या डोंगरांना अडून इथेच रिते होतात, आणि जुलै हा कॅलेंडरात भर उन्हाळ्याचा महिना असला, तरी त्यातल्या कोणत्याही दिवशी बाहेर पडताना छत्री, स्वेटर आणि गॉगल या तिन्ही वस्तू पिशवीत असाव्या लागतात. अशा या हवेत, क्लाइड नदी जिथे रुंद होऊन समुद्राला मिळते त्या खाडीतल्या ब्यूट बेटावर, रॉथसी नावाचे गाव शंभराहून अधिक वर्षे ग्लासगोच्या कामगारांचे हक्काचे सुट्टीचे ठिकाण होते. मी ग्लासगोत राहते, त्यामुळे पाहुणे आले की त्यांना घेऊन रॉथसीला जाणे होतेच. त्या गावाबद्दल माझे एक मत हळूहळू पक्के होत गेले आहे. तिथे वाळू आहे, लाटा आहेत, समोर आर्गाइलचे डोंगर आहेत, पण गावाने करमणुकीसाठी स्वतःच्या हाताने जे जे उभारले, त्यातले बहुतेक सारे डोक्यावर छप्पर घेऊन उभे आहे. समुद्र हे निमित्त होते. चार पैसे गाठीला बांधून आलेल्या माणसाची सुट्टी पावसाने वाया जाऊ नये, याचा बंदोबस्त करण्यात गावाने आपली सगळी हुशारी खर्च केली.

या किनाऱ्यावर सहलीची चाल पडली ती आगबोटीमुळे. हेन्री बेल या गृहस्थांनी 1812 मध्ये ‘कॉमेट’ ही वाफेवर चालणारी बोट क्लाइडमध्ये सोडली, आणि युरोपातली ती पहिली व्यापारी आगबोट मानली जाते. बेल यांचे हेलन्सबरा या गावी स्नानाची खास सोय असलेले हॉटेल होते, आणि ग्लासगोचे गिऱ्हाईक तिथवर आणून पोहोचवणे हा त्या बोटीमागचा एक उद्देश होता. आगबोटीसारख्या थोर शोधाचा युरोपातला धंदा हॉटेलच्या खोल्या भरण्याच्या खटाटोपातून सुरू व्हावा, याची मला फार मौज वाटते. पुढे रेल्वे आली आणि तीन रेल्वे कंपन्यांत या प्रवाशांसाठी चुरस लागली. प्रत्येकीचा धक्का वेगळा, बोटी वेगळ्या, आणि समोरच्या धक्क्याला आधी कोण लागते यावर बोटींच्या उघड उघड शर्यती होत. त्यातच 1853 च्या कायद्याने स्कॉटलंडमधले गुत्ते रविवारी बंद झाले, पण बोटींवरची दारू त्या कायद्यातून सुटली. परिणामी धार्मिक वृत्तीच्या लोकांनी डोक्याला हात लावावा अशा रविवारच्या सहली सुरू झाल्या, आणि ही पळवाट बुजवायला 1882 साल उजाडावे लागले.

खरी झुंबड उडे ती ग्लासगो फेअरला. जुलैच्या मध्यापासून शहरातले कारखाने आणि जहाजबांधणीच्या गोद्या एकदम बंद होत, आणि अख्खी कुटुंबे बोचकी घेऊन क्लाइडच्या मुखाकडे निघत. तिथल्या बोलीत याला ‘डून द वॉटर’ जाणे म्हणत. भाऊच्या धक्क्यावर आगबोटीची वाट पाहत बसलेल्या मुंबईच्या चाकरमान्यांची आठवण मराठी माणसाला इथे झाल्याशिवाय राहत नाही. मात्र त्यात एक मोठा फरक आहे. चाकरमानी आपल्या घरी जात होता, तिथे आई होती, अंगण होते, गणपती होता. ग्लासगोचा कामगार परक्या गावात, कोणा मालकिणीच्या घरातली एक खोली आणि स्वयंपाकघरातला वाटा भाड्याने घेऊन राहत होता. धान्य-सामान बहुधा घरूनच पेटीत भरून आणलेले असे. ती खोली दिवसभर बसण्यासाठी नव्हती, आणि एका खोलीत चार मुले व बाहेर मुसळधार पाऊस हा प्रसंग मुंबईच्या चाळीत वाढलेल्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. दिवस घराबाहेर, पण कोरड्यात काढता येईल अशी जागा ही त्या गावाची पहिली गरज होती.

ग्लासगोहून रॉथसीला जाताना या बंदोबस्ताचा पहिला पुरावा बोटीत बसण्याआधीच मिळतो. वीम्स बे हे रेल्वेचे शेवटचे स्थानक. कॅलेडोनियन रेल्वेने 1903 मध्ये जेम्स मिलर या वास्तुविशारदाकडून ते नव्याने बांधून घेतले. गाडीतून उतरून पुढे आले की आपण एका मोठ्या गोल दालनात येतो. मधोमध तिकीटघर आहे, तेही गोलाकार, आणि त्याच्या माथ्यापासून लोखंडी कमानी छत्रीच्या काड्यांसारख्या चहूकडे पसरत जातात. वर सगळी काच आहे. पावसाळी दिवशीसुद्धा त्या काचेतून असा मऊ, एकसारखा उजेड खाली येतो की ढगांनी तोंड काळे केले आहे हे विसरायला होते. तिथून धक्क्याकडे जाणारा रुंद, छपराचा उतार आहे आणि तोही सरळ न जाता वळण घेत जातो. या सबंध वाटेवर पायरी नाही आणि काटकोनही नाही. सुट्टीच्या दिवशी एकामागून एक गाड्या हजारो माणसे ओतत असताना कुठेही चेंगराचेंगरी होऊ नये, गर्दीला आपोआप बोटीकडे ओघ मिळावा, हे गणित त्या वळणात बसवलेले आहे. दादरच्या पुलावर आयुष्याची अनेक वर्षे काढलेल्या माणसाने त्या उतारावर जरा वेळ थांबावे, असे मला नेहमी वाटते. आता तिथे गर्दी नसते. स्वयंसेवकांनी चालवलेले जुन्या पुस्तकांचे एक दुकान आणि फुलांच्या कुंड्या आहेत, आणि धक्क्यावर लागलेली बोट पोलंडमधल्या ग्दान्स्कला बांधलेली असते. ज्या नदीने जगाला जहाजे पुरवली, तिच्या मुखाशी चालणारी बोट बाहेरून बांधून आणावी लागावी, याबद्दल ग्लासगोचे म्हातारे बोलू लागले की पस्तीस मिनिटांचा प्रवास पुरत नाही.

रॉथसीला उतरल्यावर समोरच पाण्याकाठचा लांब रस्ता, हिरवळीचे तुकडे आणि ताडासारखी दिसणारी झाडे दिसतात. ती खरी ताडे नव्हेत. मूळची न्यूझीलंडची ही झाडे इथे तग धरतात, कारण अटलांटिकमधून येणारा उबदार प्रवाह या किनाऱ्यावर कडक हिमतुषार फारसे टिकू देत नाही. थंडीत ती वाऱ्याने पिंजारून जातात, तरी नगरपालिकेने ती निष्ठेने जपली आहेत. याच हिरवळीवर छोट्या गोल्फचा, म्हणजे नुसते चेंडू खळग्यात ढकलण्याचा खेळ चालतो. हा उघड्यावरचा खेळ असल्यामुळे तो खेळणारे लोक आभाळाकडे पाहतच पुढचा फटका मारतात.

त्या हिरवळीला लागूनच विंटर गार्डन आहे. 1924 मधली ही गोल इमारत, तिच्यावर घुमट आणि दोन्ही बाजूंना कोनदार टोप्या घातलेले बुरूज. लोखंडी सांगाडा ग्लासगोच्या सॅरसेन फाउंड्रीतून ओतून आणलेला होता. या ओतशाळेचे कारंजे, कठडे आणि बँडस्टँड त्या काळी साम्राज्यभर जात असत, आणि मालाच्या सचित्र यादीतून नगरपालिका आपल्याला हवे ते भाग निवडत. रॉथसीच्या विंटर गार्डनमध्ये उन्हाळाभर गाणी, नकला, जादूचे प्रयोग असे मिश्र कार्यक्रम चालत. नाव हिवाळी बागेचे आणि हंगाम उन्हाळ्याचा, हे ऐकून पाहुण्यांना हसू येते, पण त्या जुलैतले वारे अंगावर घेतले की हसू थांबते. पुढे प्रेक्षक आटले, इमारत गंजत पडली आणि पाडण्याच्या गोष्टीही झाल्या. शेवटी डागडुजी होऊन ती वाचली, आणि तिथे पर्यटकांना माहिती देणारे केंद्र आणि एक छोटे चित्रपटगृह आले.

पॅव्हिलियनची कथा अधिक जड आहे. जेम्स कॅरिक या वास्तुविशारदाने रचलेली ही इमारत 1938 मध्ये उघडली. पांढऱ्या सपाट भिंती, काचेचा अर्धगोल पुढे आलेला भाग, खाली खांब न देता बाहेर काढलेले सज्जे, असा सगळा त्या काळातला अत्याधुनिक थाट होता, आणि आत नाचासाठी मोठे दालन होते. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये पगारी सुट्टीचा कायदा झाला. तोवर फेअरची सुट्टी म्हणजे बहुसंख्य कामगारांसाठी बिनपगारी दिवस होते, वर्षभर आठवड्याला काही पेनी बाजूला टाकून जमवलेले. आता सुट्टीचे पैसे मिळणार, म्हणजे माणसे अधिक येतील, अधिक दिवस राहतील आणि अधिक चांगल्या जागेची अपेक्षा धरतील, असा कोणीही हिशेब केला असता. पुढच्याच वर्षी युद्ध सुरू झाले. युद्धानंतर गर्दीची काही भरघोस वर्षे आली खरी, पण साठ-सत्तरच्या दशकांत स्पेनला जाणारी स्वस्त विमाने निघाली आणि पावसाचा बंदोबस्त करण्यापेक्षा पाऊसच नसलेल्या ठिकाणी जावे, हा विचार ग्लासगोला पटला. त्यात लोकांना दोष देण्यासारखे काहीच नाही. पॅव्हिलियन दुरुस्तीसाठी 2015 मध्ये बंद झाला आणि काम वर्षानुवर्षे रेंगाळत राहिले. लाखोंच्या वर्दळीसाठी बांधलेली नाचाची वास्तू साडेचार हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या गावाने सांभाळायची, हा पेच आहे. छपरातली गळती थांबवायला लागणारा पैसा गर्दीच्या प्रमाणात कमी होत नाही.

गर्दी गेली तरी आइस्क्रीम राहिले. स्कॉटलंडच्या बहुतेक समुद्रकाठच्या गावांत आइस्क्रीमचा धंदा इटलीहून आलेल्या कुटुंबांनी उभा केला, आणि हे लोक मुख्यतः तस्कनीतल्या बार्गा आणि रोमच्या दक्षिणेकडच्या पिचिनिस्को या डोंगरी गावांच्या परिसरातले. त्यांच्या कॅफेमध्ये उंच पाठीची लाकडी बाके, आरसे आणि काउंटरमागे फसफसणारे कॉफीचे यंत्र असे, आणि बाहेर पाऊस असेपर्यंत एका कपावर बसून राहिलेल्या कुटुंबाला कोणी उठवत नसे. जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरला आणि याच माणसांना शत्रूराष्ट्राचे नागरिक म्हणून पकडून नेण्यात आले. त्यांच्यापैकी कित्येकांना कॅनडाकडे नेणारी ‘अरंडोरा स्टार’ ही बोट 2 जुलै 1940 रोजी जर्मन पाणबुडीने बुडवली. सहलीच्या जागांच्या इतिहासात ही गोष्ट कोणी आवर्जून सांगत नाही, पण स्कॉटलंडमधल्या जुन्या इटालियन दुकानांत भिंतीवर टांगलेले आजोबांचे फोटो मला तेव्हापासून वेगळे दिसतात.

गावाच्या मधोमध किल्ला आहे. तेराव्या शतकातला, भोवती खंदक असलेला आणि स्कॉटलंडमध्ये दुसरीकडे न आढळणाऱ्या वर्तुळाकार तटाचा. 1230 मध्ये नॉर्स लोकांनी त्याच्या भिंती कुऱ्हाडींनी फोडल्याची कथा त्यांच्याच गाथेत आहे. ब्रिटनच्या युवराजाला स्कॉटलंडमध्ये ‘ड्यूक ऑफ रॉथसी’ म्हणतात, ते याच गावावरून. आपल्याकडचे गड चढून आलेल्यांना हा किल्ला अर्ध्या तासात आटोपतो, शिवाय पाहण्यासारख्या जागांपैकी छप्पर नसलेली ही सर्वांत मोठी असल्यामुळे तिथे फार वेळ थांबणे हवामानावर अवलंबून असते.

गावाबाहेर पाच मैलांवर असलेले माउंट स्टुअर्ट हे मात्र दिवस खाणारे प्रकरण आहे. ब्यूटच्या मार्क्विसांचे जुने घर 1877 मध्ये आगीत सापडले, आणि तिसऱ्या मार्क्विसांनी रॉबर्ट रोवंड अँडरसन यांच्याकडून त्या जागी लाल दगडाचा गॉथिक महाल उभारून घेतला. पैसा आला होता कार्डिफच्या गोदीतून आणि वेल्समधल्या कोळशातून. मधले संगमरवरी दालन सुमारे ऐंशी फूट उंच आहे, वर छतावर नक्षत्रे आणि खिडक्यांच्या रंगीत काचांत राशी आहेत. ऊन असेल तेव्हा त्या काचांचे रंग खांबांवरून सरकत जातात, आणि खुद्द धनी ज्योतिषाचे वेडे होते हे तिथे सांगावे लागत नाही. विजेचे दिवे, मध्यवर्ती उष्णता आणि घरातच गरम पाण्याचा पोहण्याचा हौद, अशा त्या काळात अचंब्याच्या वाटणाऱ्या सोयी या एका कुटुंबासाठी केलेल्या होत्या. शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहाची 1623 मधली एक प्रत याच घरातल्या ग्रंथालयात असल्याचे 2016 मध्ये जाहीर झाले. सर्वसामान्यांना हे घर 1995 पासून पाहता येते. सौंदर्याबद्दल वाद नाही. पण दोन तास त्या वैभवात फिरून झाले की मला गुदमरल्यासारखे होते, आणि तिथल्या सगळ्या संगमरवरापेक्षा रॉथसीच्या धक्क्यावरची एक लहानशी इमारत मला अधिक विचार करायला लावते. तिच्याकडे वळण्याआधी वाटेवरच्या ॲस्कॉगच्या नेच्याघराचा उल्लेख केला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये नेच्यांचे वेड पसरले होते. ॲस्कॉगला 1870 च्या सुमारास बांधलेले हे घर जमिनीत खोल उतरवलेले आहे. लाल दगडाच्या भिंतींतून पाणी झिरपते आणि वर काचेचे छप्पर आहे. पायऱ्या उतरून खाली गेले की चष्म्यावर वाफ धरते आणि वास अगदी श्रावणातल्या आंबोलीचा येतो. मधली काही दशके हे घर पडून होते, छप्पर गेले, झाडे मेली, आणि एकच नेचा तगून राहिला. त्याचे वय हजार वर्षे असावे असा जाणकारांचा अंदाज आहे. 1879 मध्ये एका बागकामाच्या नियतकालिकात इथल्या झाडांची यादी छापून आली होती, तिच्या आधारे एडिनबराच्या वनस्पती उद्यानाच्या मदतीने हे घर पुन्हा भरण्यात आले. बाहेर इतका ओलावा असताना आत आणखी ओलावा बांधून ठेवण्यासाठी माणसे पैसे खर्च करतात, यावर माझ्याबरोबर आलेल्या रत्नागिरीच्या मावशी बराच वेळ बोलत होत्या.

धक्क्यावरची ती इमारत म्हणजे 1899 मधले सार्वजनिक स्वच्छतागृह. पाहुण्यांना मुतारी दाखवायला नेणारी यजमान म्हणून आमच्या नातेवाइकांत माझे नाव झाले आहे, पण आत जाऊन आल्यावर कोणीही तक्रार केलेली नाही. रॉथसीच्या बंदर विश्वस्तांनी ट्वायफर्ड या नामांकित कंपनीकडून 530 पौंडांत ते बांधून घेतले. जमिनीवर बारीक चिनी मातीच्या तुकड्यांची नक्षी आहे आणि प्रवेशाशीच त्या नक्षीत गावाचे बोधचिन्ह बसवलेले आहे. भिंतींना छतापर्यंत चकचकीत फरश्या आहेत. तीन भिंतींना लागून चौदा आणि मधल्या गोल ओट्याभोवती सहा अशा पांढऱ्या शुभ्र मुताऱ्या आहेत, आणि त्यांच्या कडा काळसर हिरव्या संगमरवराची बेमालूम नक्कल करतात. वर काचेच्या बाजू असलेल्या टाक्या आहेत. टाकी भरताना पाण्याची पातळी चढताना दिसते आणि ती रिकामी झाली की घासून लखलखीत ठेवलेल्या तांब्याच्या नळ्यांतून पाणी उतरते. हे सगळे काही हॉटेलातल्या शेठजींसाठी नव्हते. बोटीतून उतरलेल्या, कदाचित बोटीवरच दोन ग्लास रिचवलेल्या, घरी दहा बिऱ्हाडांत एक संडास वापरणाऱ्या जहाज कारखान्यातल्या रिबिटवाल्यासाठी होते. त्याच्या सुट्टीतल्या पहिल्या पाच मिनिटांवर एखाद्या संस्थेने एवढी नजाकत खर्च करावी, हे मला माउंट स्टुअर्टच्या नक्षत्रांपेक्षा मोठे वाटते.

त्या रिबिटवाल्याच्या बायकोसाठी मात्र तिथे काही नव्हते. 1899 च्या त्या इमारतीत स्त्रियांची सोयच केलेली नव्हती, आणि ती भाड्याच्या खोलीतल्या स्वयंपाकघरात, घरून आणलेल्या पेटीतले बटाटे दुसऱ्या तीन बायकांच्या मागे रांगेत उभे राहून शिजवत सुट्टी घालवत असे. तिच्या सुट्टीचा बंदोबस्त कोणी केल्याचे दिसत नाही. 1994 मध्ये इमारतीचा जीर्णोद्धार झाला तेव्हा स्त्रियांसाठी भाग जोडला गेला. आता मूळचा पुरुषांचा भाग पाहायचा असेल तर स्त्रियांना राखणदाराला विचारावे लागते. तो आत डोकावतो, कोणी असेल तर थांबायला सांगतो, आणि मोकळे झाले की दार धरून उभा राहतो, तोवर आपण बाहेर पावसात बोटीकडे बघत राहायचे. मागच्या खेपेला आम्ही सात बायका अशा थांबलो होतो आणि आतले गृहस्थ निघता निघत नव्हते. राखणदाराने दोनदा खोकून पाहिले. आमचा स्वतःचा भाग साधा आहे. तिथे नक्षी नाही, काचेची टाकी नाही, आणि त्याचा फोटो काढताना मी कोणाला पाहिलेले नाही. पण पाणी गरम येते, दाराची कडी नीट लागते, आणि मावशींनी परतीच्या बोटीवर सगळ्या रॉथसीत तेवढ्या एकाच गोष्टीची तारीफ केली.